नास खोऱ्याचा दावा

१८८७ सालच्या फेब्रुवारी महिन्यात, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील ब्रिटिश कोलंबिया प्रांताची राजधानी व्हिक्टोरिया येथे, उत्तरेकडील नास नदीच्या परिसरातून शेकडो मैलांचा प्रवास करून आलेले निस्गा आणि त्सिमशियन या दोन जमातींचे काही सरदार प्रांताचे मुख्य प्रधान विल्यम स्मिथ यांच्या भेटीस गेले, तेव्हा त्यांनी धान्य मागितले नाही, द्रव्य मागितले नाही, की दुष्काळाने गांजलेली रयत मागते तशी सारासूटही मागितली नाही. वाडवडिलांच्या वहिवाटीतील भूमी आपली आहे हे सरकारने मान्य करावे, तिच्याविषयी उभयपक्षी तह व्हावा, आणि राखीव जागा वाढवून आपला कारभार आपल्याकडे राहू द्यावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मुख्य प्रधानांनी उत्तर दिले की जमीन सारी राणीची आहे. राखीव म्हणून जे तुकडे तुम्हांस मिळाले ते राणीच्या दयाबुद्धीचे दान आहे. आणि तहाची कल्पना तुमच्या मनात दुसऱ्या कोणी तरी भरवून दिली असली पाहिजे. सरदार रिक्तहस्ते परतले. त्यानंतर निस्गांच्या हाती तह पडेपर्यंत ११३ वर्षे लोटली. जिची लोकसंख्या आजही दहा हजारांच्या आत आहे अशा एका लहानशा जमातीने या दीर्घ कालावधीत अर्ज, शिष्टमंडळे, बादशाही न्यायपीठ, स्वदेशातील न्यायालये आणि वाटाघाटी हे सर्व मार्ग कसे चोखाळले, आणि तसे करता करता एका विशाल राष्ट्राच्या आदिवासीविषयक धोरणाचा पायाच कसा बदलून टाकला, हा इतिहास मराठी वाचकांस फारसा परिचित नाही. परंतु जमिनीची मालकी आणि जमिनीवरील माणसाचा उत्कर्ष यांचा संबंध ज्याला समजून घ्यावयाचा असेल त्याने तो अवश्य जाणून घ्यावा, असे मला वाटते.

नास नदीला निस्गा लोक लिसिम्स म्हणतात. अलास्काच्या सीमेलगत, हिमाच्छादित पर्वतांच्या रांगांमधून वाट काढीत ती पॅसिफिक महासागरास मिळते. अठराव्या शतकात या खोऱ्यात ज्वालामुखीचा उद्रेक झाला, लाव्ह्याखाली गावे गाडली गेली आणि सुमारे दोन हजार माणसे दगावली, अशी निस्गांची परंपरागत हकीकत आहे. तो काळा, शेवाळलेला लाव्ह्याचा पसारा आजही तेथे पाहावयास मिळतो. पण या खोऱ्याचे खरे वैभव नदीच्या पाण्यात आहे. हिवाळा सरत आला, साठवणीचे अन्न संपत आले, की ओलिकन नावाच्या लहानशा, अत्यंत स्निग्ध माशांचे थवे समुद्रातून नदीत शिरतात, आणि त्यामागोमाग वर्षाच्या पुढील महिन्यांत सामन माशांच्या निरनिराळ्या जाती येतात. ओलिकनचे तेल काढून ते लाकडी पेट्यांत भरावयाचे आणि डोंगरापलीकडील जमातींस देऊन त्यांच्याकडून कातडी व अन्य जिन्नस घ्यावयाचे, हा व्यापार इतका जुना व इतका नियमित होता की त्याच्या पायवाटा तेलाच्या वाटा म्हणूनच ओळखल्या जात. युरोपीय व्यापाऱ्यांनी १८३१ मध्ये नासच्या मुखाशी आपले ठाणे वसविले, ते येथे आधीच भरभराटलेला व्यापार चालू होता म्हणूनच. तेव्हा या लोकांस अर्थव्यवहार गोऱ्या माणसाने शिकविला, हा पुढे फार दिवस चाललेला समज निराधार आहे.

त्यांची भूमिव्यवस्था तितकीच नियमबद्ध होती. जमात चार कुळींत विभागलेली, कुळींत अनेक घराणी, आणि घराण्याचा वारसा आईकडून चालणारा. प्रत्येक घराण्याकडे मासेमारीच्या जागा, शिकारीची राने, फळझाडीची ठिकाणे अशी निश्चित हद्दीची भूमी असे. सरदार निवर्तला म्हणजे त्याचा वारस मोठी मेजवानी देई. तीत तो पूर्वजाचे नाव धारण करी, घराण्याचा इतिहास सांगे, कोणत्या ओढ्यापासून कोणत्या शिखरापर्यंत आपली हद्द आहे ते जाहीर करी, आणि अन्य कुळींतील निमंत्रितांस नजराणे देऊन त्या घोषणेचे साक्षीदार करून ठेवी. आपल्याकडे फेरफार पत्रकात वारसाची नोंद व्हावी, चतुःसीमा लिहिल्या जाव्यात आणि पंचांनी सह्या कराव्यात, त्याच कामाचा हा तोंडी परंतु सार्वजनिक विधी होय. १८८४ मध्ये कॅनडाच्या संसदेने कायदा करून हीच मेजवानी गुन्हा ठरविली. मिशनऱ्यांस तीत मूर्तिपूजकांची उधळपट्टी दिसली आणि अधिकाऱ्यांस उद्यमशीलतेला अडथळा दिसला. एका हाताने लोकांचे हक्कनोंदणीचे साधन बंद करावयाचे आणि दुसऱ्या हाताने त्यांच्याकडे हक्काचा पुरावा मागावयाचा, असा हा व्यवहार पुढे ६७ वर्षे कायद्याच्या बळावर चालला, ही गोष्ट वाचताना आजही मन विषण्ण होते.

आणि गंमत नव्हे, खेद असा की ब्रिटिश राजसत्तेचे स्वतःचेच वचन याच्या विरुद्ध होते. फ्रान्सवरील विजयानंतर, ७ ऑक्टोबर १७६३ रोजी, तिसऱ्या जॉर्ज राजाने जे फर्मान काढले त्यात आदिवासींच्या ताब्यातील भूमी कोणाही खाजगी इसमाने खरेदी करू नये, ती घ्यावयाची झाल्यास राजसत्तेने, त्या लोकांची जाहीर सभा भरवून, त्यांच्या संमतीनेच घ्यावी, असा स्पष्ट निर्बंध होता. पूर्वेकडे व मध्य प्रदेशांत त्याला अनुसरून तह झाले. ते पुष्कळदा अन्यायकारक होते, तरी तह झाले. पश्चिम किनाऱ्यावरही व्हँकूव्हर बेटाचा गव्हर्नर जेम्स डग्लस याने १८५० ते १८५४ या काळात १४ तह केले. परंतु पुढे खजिन्यात पैसा नाही या सबबीवर ती प्रथा थांबली, ती थांबलीच. १८६४ मध्ये जमीन खात्याचा प्रमुख म्हणून आलेल्या जोसेफ ट्रच या सर्वेक्षकाला तर आदिवासींची मालकी ही कल्पनाच मान्य नव्हती. डग्लसने आखलेल्या राखीव जागाही त्याने कापून काढल्या, आणि दर कुटुंबास दहा एकर हे प्रमाण पुरे मानले. त्याच वेळी गोऱ्या वसाहतवाल्यास पडीक जमिनीचे १६० एकर नुसता अर्ज नोंदवून व वस्ती करून मिळत होते. आणि आदिवासींनी त्याच रीतीने जमीन घेऊ नये म्हणून १८६६ मध्ये गव्हर्नरच्या खास परवानगीची अट घालण्यात आली. १८७१ मध्ये प्रांत कॅनडाच्या संघराज्यात सामील झाला तेव्हा करारनाम्याच्या तेराव्या कलमात, वसाहतीने आजवर चालविले तसेच ‘उदार’ धोरण पुढे चालावे, असे लिहिले गेले. दहा एकरांचे ते औदार्य काय होते, हे ओटावाच्या पुष्कळ मुत्सद्द्यांस नंतर कळले.

१८८१ मध्ये सरकारी आयुक्त पीटर ओरायली नासवर येऊन राखीव जागांच्या खुणा करून गेला. त्यापुढे मोजणीदार आले, त्यांना निस्गांनी हटविले, आणि त्यातूनच ते १८८७ चे शिष्टमंडळ निघाले. त्याच वर्षी सरकारने चौकशी मंडळ पाठविले. त्याच्यापुढे एका निस्गा वक्त्याने अगदी साध्या शब्दांत विचारले, की ही माणसे आम्हांला म्हणतात ‘एवढी जमीन आम्ही तुम्हांला देतो’; पण जी मुळात आमचीच आहे ती हे आम्हांला देणार कशी? त्यांनी ती आमच्याकडून कधी विकत घेतली, आमच्या पूर्वजांना लढाईत जिंकून कधी घेतली? मंडळाने तो जबाब लिहून घेतला. उत्तर कोणापाशीच नव्हते.

१८९० मध्ये निस्गांनी आपली पहिली भूमी समिती स्थापन केली. ज्यांचा पिढीजात संबंध मेजवानीच्या तोंडी दफ्तराशी, त्यांनी आता अर्ज, ठराव, वकीलपत्र ही परक्यांची हत्यारे आत्मसात केली, आणि २२ जानेवारी १९१३ रोजी एक याचिका मुक्रर करून ती लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे बादशाही न्यायपीठाकडे, धाडली. ती याचिका केवळ करुणेची भीक नव्हती. १७६३ च्या फर्मानाचा हवाला देऊन, त्यातील शब्दांचा आधार घेऊन, निस्गांनी राजाच्याच सनदेने राजाच्या सरकाराला बांधले होते. आणि सरकारला आवश्यक असलेल्या जमिनी न्याय्य मोबदल्याने देण्याची तयारीही त्यांनी दाखविली होती. लंडनहून प्रकरण परत ओटावाकडे आले. १९१४ मध्ये कॅनडा सरकारने म्हटले, की दावा न्यायालयाकडे सोपवू, पण एका अटीवर: दाव्यात तुमची मालकी सिद्ध झालीच, तर ती सरकारच्या हवाली करण्यास व त्याबद्दल सरकार देईल ते स्वीकारण्यास तुम्ही आधीच कबूल व्हावे. जिंकण्यापूर्वीच जिंकलेली वस्तू सोडून द्यावी, अशी ही अट निस्गांनी नाकारली. पुढे किनाऱ्यावरच्या व आतल्या अनेक जमातींचे एक संयुक्त मंडळ झाले, १९२७ मध्ये संसदेच्या समितीपुढे त्यांची सुनावणी झाली, आणि समितीने दावा निराधार ठरविला. तेवढ्यावर सरकार थांबले नाही. त्याच वर्षी कायद्यात एक कलम घालण्यात आले, की आदिवासींच्या दाव्यासाठी आदिवासी व्यवहार खात्याच्या लेखी परवानगीवाचून कोणी वर्गणी गोळा केली, तर तो शिक्षेस पात्र होईल. वकिलाची फी देणे हाच गुन्हा झाल्यावर न्यायालयाचा दरवाजा उघडा असला काय आणि बंद असला काय! हे कलम १९५१ पर्यंत कायम राहिले. मेजवानीवरील बंदीही त्याच वर्षी कायद्यातून गेली.

या मधल्या काळात खोऱ्यात विकास म्हणून जे काही घडत होते त्याकडे पाहिले म्हणजे भूमीच्या दाव्याचा व पोटाचा संबंध ध्यानात येतो. १८८१ पासून नासवर सामन डब्यांत भरण्याचे कारखाने निघाले. निस्गा पुरुष त्यांच्यासाठी मासे पकडू लागले, स्त्रिया मासे साफ करून डबे भरू लागल्या. नदी तीच, मासे तेच, कौशल्यही तेच, पण नफा दुसऱ्याचा. मत्स्य खात्याच्या नियमांनी आदिवासींस पोटापुरते मासे मारण्याची मुभा ठेवली आणि विक्रीसाठी मात्र परवाना लावला. म्हणजे ज्यांचा तेलाचा व्यापार शतकानुशतके चालला होता त्यांना त्यांच्याच नदीवर व्यापारी म्हणून उभे राहण्याचा हक्क उरला नाही. १९४८ मध्ये प्रांताने अरण्य-व्यवस्थापनाचा पहिला परवाना लाकडाच्या लगद्याचा कारखाना काढणाऱ्या एका मोठ्या कंपनीला दिला. त्याच्या विस्तीर्ण हद्दीत नासचे खोरे आले. ज्या रानांची नावे व सीमा घराण्यांच्या सरदारांना मुखोद्गत होत्या ती राने डोंगरउताराच्या डोंगरउतार उजाड होऊ लागली. आणि त्या लाकडाच्या उत्पन्नातून निस्गांच्या तिजोरीत एक डॉलरही मालकीहक्काने पडला नाही. पुढे १९८० च्या सुमारास जवळच्या ॲलिस आर्म या खाडीच्या काठी मॉलिब्डेनमची खाण निघाली, तिचा गाळ खाडीच्या पाण्यात सोडण्यास सरकारने १९७९ मध्येच खास परवानगी दिली, निस्गांनी त्याविरुद्ध मोठा आवाज उठविला, आणि अवघ्या दीडएक वर्षात बाजारभाव कोसळल्यामुळे ती खाण बंद पडली. आदिवासींच्या दारिद्र्याची मीमांसा करणारे विद्वान भांडवलाचा अभाव, शिक्षणाचा अभाव, उद्यमशीलतेचा अभाव अशी कारणे मांडतात. नासच्या खोऱ्यात भांडवल आले, रस्ते आले, कारखाने आले, यंत्रे आली. ज्यांची भूमी त्यांची संमती मात्र कोणी विचारली नाही, आणि संमती विचारली नाही म्हणून हिस्साही देण्याचे कारण पडले नाही.

फ्रँक कॅल्डर १९१५ मध्ये नासच्या मुखाशी जन्मला. आर्थर कॅल्डर या, भूमी समितीत अग्रेसर असलेल्या सरदाराने त्याला दत्तक घेतले होते. आणि हा बालक मोठा होऊन गोऱ्यांची विद्या शिकेल व भूमीच्या प्रश्नाचा अचल पर्वत हलवील, असे वृद्धांनी भरसभेत सांगितल्याची कथा निस्गांत प्रसिद्ध आहे. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाशी संलग्न असलेल्या धर्मशास्त्राच्या महाविद्यालयातून तो पदवीधर झाला. १९४९ मध्ये प्रांतातील आदिवासींस मताधिकार मिळताच तो विधिमंडळावर निवडून आला, आणि कॅनडातील कोणत्याही विधिमंडळात बसणारा कायद्याने ‘इंडियन’ गणलेला तो पहिला सभासद ठरला. १९५५ मध्ये त्याने जुन्या भूमी समितीचे निस्गा जमात परिषदेत रूपांतर केले. १९६७ मध्ये, थॉमस बर्जर या तरुण वकिलाच्या साहाय्याने, परिषदेने प्रांतावर दिवाणी दावा लावला. मागणी एकच होती: निस्गांची मूळची मालकी कोणीही, कधीही, कायदेशीर रीतीने नष्ट केलेली नाही, असे न्यायालयाने जाहीर करावे. नुकसानभरपाई मागितली नव्हती.

पहिल्या न्यायालयात दावा हरला. १९७० मध्ये प्रांताच्या अपील न्यायालयातही हरला. तेथील न्यायमूर्तींनी निस्गांना मालकीची कल्पना नसलेला आदिम समाज मानले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, नव्या राजसत्तेने स्वतः होऊन मान्य केल्याखेरीज जुन्या रहिवाशांचा कोणताही हक्क न्यायालयात टिकत नाही, या तत्त्वाचा आधार घेतला. हे तत्त्व कसे पक्के होत गेले याच्या इतिहासात आपल्या वाचकांस एक ओळखीचे प्रकरण भेटेल. ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी १८६० मध्ये पंचमहालचा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला. तेथील तालुकदारांनी पुढे आपल्या गावांवर मालकी सांगितली. आणि १९२४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला, की मुलूख हस्तांतरित झाल्यावर पूर्वीच्या अंमलातील हक्क नव्या सरकारने कबूल केले तेवढेच राहतात, तहात त्यांचा उल्लेख असला तरी रहिवाशांस तो न्यायालयात बजावून घेता येत नाही. साम्राज्य जेथे जेथे पसरले तेथे तेथे ही विचारसरणी पोहोचली. पंचमहालच्या तालुकदारांचे आणि नासच्या सरदारांचे एकमेकांशी काही नाते नव्हते, परंतु त्यांना गप्प करणारा युक्तिवाद एकाच टांकसाळीतला होता.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी १९७३ रोजी जो निकाल दिला तो रूढ अर्थाने निस्गांच्या विरुद्ध गेला. सात न्यायमूर्तींपैकी जडसन व अन्य दोघे म्हणाले, की निस्गांची मूळ मालकी होती खरी, पण वसाहतीच्या काळातील जमीनविषयक कायद्यांनी ती संपुष्टात आली. एमेट हॉल व अन्य दोघे म्हणाले, की ती होती आणि आहे. ती नष्ट करावयाची तर राजसत्तेने तसा स्पष्ट व उघड हेतू व्यक्त केला पाहिजे, आणि तो कोठेही दिसत नाही. सातवे न्यायमूर्ती पिजन यांनी मूळ प्रश्नास हातच घातला नाही; सरकारावर दावा लावण्यापूर्वी प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरची परवानगी घेतली नव्हती, या तांत्रिक मुद्द्यावर त्यांनी दावा काढून टाकला. याप्रमाणे चार विरुद्ध तीन मतांनी निस्गा हरले. पण सहा न्यायमूर्तींनी, आपसांत कितीही मतभेद असले तरी, एक गोष्ट एकमुखाने सांगितली होती: गोऱ्यांच्या आगमनापूर्वी हे लोक समाज करून या भूमीवर राहत होते, आणि त्या वास्तव्यातूनच त्यांचा हक्क निर्माण झाला, तो कोणा राजाच्या मेहेरबानीवर अवलंबून नाही. विल्यम स्मिथ यांच्या १८८७ च्या उत्तराला न्यायासनाने ८६ वर्षांनी खोडून काढले. हॉल यांचे निकालपत्र मी न्यायशास्त्रातील उदात्त लेखनात गणतो. निस्गा साक्षीदारांचे जबाब त्यांनी विस्ताराने उद्धृत केले, मानववंशशास्त्रज्ञ विल्सन डफ यांची साक्ष लक्षपूर्वक तपासली, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या अपुऱ्या माहितीवर व पूर्वग्रहावर आजचा न्याय उभारता येणार नाही, असे खालच्या न्यायालयांस बजावले.

राजकारणाची वेळही अनुकूल होती. पंतप्रधान पियर त्रूदो यांनी १९६९ मध्ये आदिवासींचे वेगळे स्थान व जुने तह कालबाह्य ठरविणारी श्वेतपत्रिका काढली होती, आणि मूळ हक्क मान्य करणार नाही असे जाहीर सांगितले होते. १९७२ च्या ऑक्टोबरात झालेल्या निवडणुकीने त्यांचे बहुमत गेले. विरोधी पक्षांच्या टेक्यावर चालणाऱ्या त्या सरकारपुढे हा निकाल येऊन पडला. तुमचे हक्क आम्ही समजत होतो त्याहून अधिक असावेत, असा कबुलीचा सूर त्रूदोंच्या तोंडून निघाला, आणि ८ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे मंत्री जाँ क्रेतियँ यांनी, जेथे तह झालेले नाहीत तेथील भूमीचे दावे वाटाघाटींनी मिटविण्याचे धोरण घोषित केले. कॅनडाचे पुढील सारे भूमिदावा धोरण या दिवसापासून मोजावे लागते. त्याचे दोष पुष्कळ होते. एका वेळी सहाच दावे हाती घेण्याचा निर्बंध १९९० पर्यंत राहिला. अनिश्चित पण व्यापक मूळ हक्क सोडावा आणि त्याबदल्यात निश्चित पण मर्यादित हक्क घ्यावा, अशी सरकारची दृष्टी होती. आणि ब्रिटिश कोलंबियात तर सरकारी जमीन प्रांताच्या मालकीची, व प्रांत वाटाघाटीस बसावयासच तयार नाही.

निस्गांशी वाटाघाटी १९७६ मध्ये सुरू झाल्या. प्रांताने त्यात पूर्णांशाने प्रवेश केला तो १९९० मध्ये. मधल्या काळात १९८२ च्या राज्यघटनेच्या ३५व्या कलमाने आदिवासींचे विद्यमान हक्क मान्य झाले, आणि वाटाघाटींच्या मागे घटनेचे बळ उभे राहिले. पुढाऱ्यांची एक पिढी या कामात गेली. जेम्स गॉस्नेल यांच्यामागून त्यांचे बंधू जोसेफ गॉस्नेल यांनी नेतृत्व केले. ४ ऑगस्ट १९९८ रोजी नासच्या खोऱ्यात तहावर प्राथमिक सह्या झाल्या, नोव्हेंबरात निस्गा मतदारांनी तो संमत केला, आणि २ डिसेंबर रोजी जोसेफ गॉस्नेल प्रांताच्या विधिमंडळासमोर भाषणास उभे राहिले. ज्या नगरातून १८८७ चे सरदार परत लावले गेले होते तेच हे नगर. संसदेत विरोधी रिफॉर्म पक्षाने ४७१ उपसूचना मांडून सभागृहास चाळीसहून अधिक तास सतत मतदान करावयास लावले. वंशावर आधारलेले सरकार आपण निर्माण करीत आहोत, हा त्या पक्षाचा आक्षेप होता. तो प्रामाणिक असेलही, परंतु वंशाच्या नावाखाली मताधिकार, जमीन आणि वकील नाकारणाऱ्या शंभर वर्षांच्या कायद्यांचा त्यात पुरेसा विचार नव्हता असे म्हणणे प्राप्त आहे. ११ मे २००० रोजी तह अमलात आला.

तहात निस्गांस काय मिळाले? सुमारे २,००० चौरस किलोमीटर भूमी, तिच्या पोटातील खनिजांसह, १९ कोटी डॉलरांची, हप्त्यांनी द्यावयाची रक्कम, नासच्या सामनमध्ये निश्चित हिस्सा आणि तो विकण्याचा हक्क, वनांची मालकी, आणि भाषा, संस्कृती, भूमी, नागरिकत्व यांविषयी कायदे करण्याची स्वतःची सत्ता. निस्गा लिसिम्स सरकार या नावाने ती सत्ता आज चार गावांतून चालते. आणि गेले काय? परंपरेने ज्या प्रदेशावर हक्क सांगितला होता त्याचा दहावा हिस्साही पुरता हाती आला नाही. कायद्याने असलेली करमाफी गेली; विक्रीकराची सूट आठ वर्षांनी, इतर करांची बारा वर्षांनी. वाटाघाटींचा खर्च म्हणून सरकारने जी कर्जे दिली होती ती सुमारे पाच कोटी डॉलरांवर पोहोचली, आणि ती फेडण्याचे दायित्व निस्गांवर आले. आपली भूमी आपली आहे हे सांगण्यासाठी कर्ज काढावे लागले, आणि ते त्याच भूमीच्या मोबदल्यातून फेडावे लागले. ही रीत अन्याय्य होती हे केंद्र सरकारने २०१९ च्या अंदाजपत्रकात अप्रत्यक्षपणे मान्य केले: अशी कर्जे माफ करण्याचे व फेडलेली परत देण्याचे त्यात ठरले. निस्गांत या तहाविरुद्ध मत असलेले लोक होते, त्यांपैकी काहींनी त्याला न्यायालयात आव्हानही दिले आणि ते हरले; त्यांचे दुःख मला समजते. तरीही जमातीच्या बहुसंख्य मतदारांनी विचारपूर्वक हा सौदा स्वीकारला, कारण पूर्ण हक्काची वाट पाहत आणखी एक पिढी थडग्यात जाण्यापेक्षा निश्चित हक्कावर पुढची पिढी उभी करणे त्यांना श्रेयस्कर वाटले.

तहानंतरची समृद्धी एकाएकी अवतरली नाही. लाकडाचा बाजार मंदावला, तरुण माणसे नोकरीसाठी टेरेस, प्रिन्स रूपर्ट व व्हँकूव्हरकडे गेली. सर्वांत भरीव काम मासेमारीत झाले: नदीत फिरत्या चक्रांनी सामन पकडून, मोजून, खुणा करून सोडण्याचे जे काम निस्गांनी तहापूर्वीच, १९९२ पासून, आरंभिले होते त्याला तहाने कायम निधी मिळवून दिला, आणि नदीचा हिशेब आता नदीकाठचे लोकच ठेवतात. २००९ मध्ये निस्गांच्या विधिमंडळाने धाडसी कायदा केला: गावातील घराची जागा नागरिकाला पूर्ण खाजगी मालकीने घेता यावी, गहाण ठेवता यावी, विकताही यावी. सामूहिक भूमी अशी मोकळी केली तर ती हळूहळू सावकाराच्या व परक्याच्या घशात जाईल, ही भीती आपल्या सातपुड्यातील किंवा गडचिरोलीतील कोणीही कार्यकर्ता तत्काळ बोलून दाखवील, आणि ती निराधार नाही. परंतु येथे तो निर्णय दूरच्या राजधानीतील खात्याने लादलेला नव्हता. ज्यांची भूमी त्यांच्या सभेने तो वादविवादाने घेतला, आणि खुली केलेली जागा केवळ निवासाची, थोडकीच ठेवली.

याहून अवघड कसोटी अलीकडे आली. आपल्या हद्दीतील पिअर्स बेटावर नैसर्गिक वायू द्रवरूप करून निर्यात करण्याचा प्रचंड प्रकल्प निस्गा सरकारने खाजगी कंपन्यांच्या भागीदारीत आखला, त्यासाठीच्या वायुवाहिनीतही भाग घेतला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये प्रांत व केंद्र या दोन्ही सरकारांनी त्याला मंजुरी दिली. एके काळी ॲलिस आर्ममधील गाळाविरुद्ध जगभर दाद मागणारी जमात आज स्वतः उद्योगाची यजमान झाली आहे, यावरून तिच्यावर टीका होते. हवामानाची चिंता मलाही वाटते. पण प्रकल्पाचे बरेवाईट तोलण्याचा अधिकार १८८१, १९४८ आणि १९७९ या तिन्ही वेळी ज्यांच्यापासून हिरावून घेतला गेला होता, त्यांनी तो एकदा मिळाल्यावर आम्हांला आवडेल तसाच वापरावा, ही अपेक्षा धरणे मला योग्य वाटत नाही.

त्याहून गंभीर आक्षेप शेजाऱ्यांचा आहे. नासच्याच वरच्या भागात राहणारे गित्तन्याव लोक तहाच्या वेळेपासून सांगत आले, की निस्गांस जो प्रदेश व ज्या प्रदेशातील हक्क देण्यात आले त्यात आमच्या घराण्यांची भूमी आहे. मेजवानीत आमच्याही हद्दी शतकानुशतके उच्चारल्या गेल्या आहेत. त्यांनी न्यायालयात दाद मागितली, सरकारशी स्वतंत्र वाटाघाटी चालविल्या, आणि २०२४ मध्ये वायुवाहिनीच्या कामाविरुद्ध रस्ता अडविला. दोन शेजारी जमातींतील सीमेचा असा तंटा पूर्वी मेजवानीच्या सभेत, साक्षीदारांच्या समक्ष सोडविला जात असे. १८८४ च्या कायद्याने ती सभाच गुन्हा ठरविली, आणि सरकारी वाटाघाटींची रीत अशी, की जो दावेदार आधी मेजाशी बसला त्याच्याशी सौदा पुरा करावयाचा व शेजाऱ्याचे म्हणणे नंतर ऐकावयाचे. गित्तन्यावांचा दावा अद्याप मिटलेला नाही.